चेहरा ही अमानत आहे

आमच्या घराघरांत दादी-नानीचा एखादाच फोटो असतो. बहुधा तो हजच्या पासपोर्टसाठी काढलेला असतो. उभ्या आयुष्यात परक्या पुरुषासमोर चेहरा उघडा न केलेली बाई त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसली, कारण तिला काबा पाहायचा होता. ती गेल्यावर तोच फोटो आम्ही मोठा करून भिंतीवर लावला. तिला विचारायचे राहूनच गेले. मग प्रश्न पडतो, माणसाचा चेहरा कुणाचा? ज्याचा त्याचा, की कॅमेरा ज्याच्या हाती असेल त्याचा?

तसवीर जायज की नाजायज, या वादात आमच्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ वर्षे घालवली. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तो वाद जवळजवळ मिटला आहे. पण माणसाची प्रतिमा घेणे ही साधी गोष्ट नाही, ही त्या वादामागची जाणीवही त्याच्याबरोबर मिटली की काय, अशी शंका येते. जगातले तीन छायाचित्रण-प्रयोग या बाबतीत विचार करायला लावतात.

पहिला अल्जीरियातला. १९६० साली तिथे फ्रेंचांची सत्ता होती आणि स्वातंत्र्ययुद्ध चालू होते. गावेच्या गावे उठवून लोकांना छावणीवजा वस्त्यांत ठेवले होते. त्यांना ओळखपत्रे देण्यासाठी मार्क गारांजे या सक्तीने भरती झालेल्या तरुण सैनिकाला फोटो काढण्याचा हुकूम झाला. त्याने दहा दिवसांत सुमारे दोन हजार चेहरे टिपले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांना भिंतीपुढे बसवून पडदा उतरवायला लावले गेले. त्या स्त्रिया बोलल्या नाहीत, पण त्यांचे डोळे बोलले. स्वतः युद्धाच्या विरोधात असलेल्या गारांजेने पुढे हीच चित्रे जगापुढे मांडली आणि ती जुलमाचा पुरावा ठरली. २००४ मध्ये तो अल्जीरियात परत गेला आणि त्यांतल्या काही स्त्रियांना भेटला.

दुसरा न्यूयॉर्कचा. फिलिप-लोर्का डिकोर्सिया याने १९९९ ते २००१ या काळात टाइम्स स्क्वेअरमध्ये उंचावर दिवे लावले आणि दूरच्या कॅमेऱ्यातून ये-जा करणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्यांत एक वृद्ध, धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थ होते. प्रतिमा घेणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. ते न्यायालयात गेले. २००६ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. ही कला आहे, व्यापार नव्हे, आणि कलेला अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. विचारले असते तर तो चेहरा तसा राहिलाच नसता, हा कलावंताच्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही.

तिसरा पॅलेस्टाईन-इस्रायलचा. २००७ मध्ये जेआर नावाच्या फ्रेंच कलावंताने मार्को या साथीदाराबरोबर दोन्हीकडच्या एकाच पेशाच्या माणसांचे फोटो काढले आणि त्यांना वेडीवाकडी तोंडे करायला सांगितली. ते प्रचंड आकाराचे चेहरे विभाजक भिंतीच्या दोन्ही अंगांना शेजारी शेजारी चिकटवले. यातला कोण आपला आणि कोण परका, हे पाहणाऱ्यांना ओळखता येईना. या कामाला सरकारी परवानगी नव्हती. ज्यांचे चेहरे होते त्यांची मात्र होती. भिंत पडली नाही आणि २०२३ पासून गाझात काय घडले ते आपण पाहिलेच. तरी त्या चित्रांत कुणाचा अपमान नव्हता.

कुणी म्हणेल, गारांजेने फोटो काढले नसते तर तो जुलूम जगाला दिसला असता का? प्रश्न रास्त आहे. पण पुराव्याचे मोल कितीही असले, तरी त्या बाईची संमती मागाहून तयार होत नाही. चेहरा अमानत म्हणून हाती येतो. मालकाला न विचारता ठेवून घेतलेली अमानत हे कर्जच. गारांजे परत गेला, तो बहुधा हे कर्ज ओळखूनच.

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्या मोहल्ल्यात या. मागच्या रमजानमध्ये जकातीच्या पैशातून रेशनच्या पिशव्या वाटल्या गेल्या. आम्हीही तिथे होतो. एका विधवेने पिशवी घेताना ओढणी तोंडावर ओढली. मोबाईल धरलेला मुलगा अदबीने म्हणाला, “खाला, जरा वर बघा.” तिने वर पाहिले. पिशवी हवी होती, दुसरे काय करणार? संध्याकाळपर्यंत तो फोटो शेकडो मोबाईलवर गेला.

आम्ही गप्प राहिलो. देणगीदारांना हिशेब द्यावा लागतो, असे म्हणून मनाची समजूत घातली. पण हिशेब पावतीने देता येतो, पिशव्यांच्या फोटोनेही देता येतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. अल्जीरियातल्या अधिकाऱ्याजवळ बंदूक होती आणि आमच्याजवळ फक्त तांदळाची पिशवी होती, एवढ्याने आम्ही त्याच्याहून वेगळे ठरत नाही. येत्या रमजानमध्ये त्या मुलाला मोबाईल खिशात ठेवायला सांगायचे, एवढे तरी आमच्या हाती आहे.