जुने लुगडे आणि कष्टाचे मोल



गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टांत आहे. पन्नास वर्षे कीर्तनात तो मी सांगत आलो. घरी मात्र आईने जीर्ण वस्त्र टाकलेले मी कधी पाहिले नाही. लुगडे विरले की त्याची वाकळ होई, धोतराच्या मऊ फडक्याची बाळाला झबली-दुपटी होत, आणि अगदी शेवटी पोतेरे.

आई गेल्यावर तिची नऊवारी लुगडी गाठोड्यात बांधून ठेवली होती. धाकट्या भावाची मुलगी जुन्या लुगड्यांची परकर-पोलकी, झबली, जाकिटे हाताने शिवून विकते. तोच तिचा चरितार्थ. एक दिवस ती म्हणाली, "आप्पा, आजीची लुगडी मला द्याल का?" मी ताडकन बोललो, "आईची माया बाजारात मांडतेस?" वर कीर्तन विकू नये, हा संप्रदायाचा दंडकही ऐकवला. पोर खाली मान घालून निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कीर्तनाचे पैसे मी घेतले नाहीत, हे खरे. पण ते मला जमले, कारण घरची शेती होती. ज्वारी विकताना मला कधी संकोच वाटला होता का? तिला शेत नाही. सुई हेच तिचे शेत. हरिकथा विकू नये, हा नियम हरिकथेचा. तो हाताच्या कामाला लावला, तर संतांचे संसारही त्यात बसणार नाहीत. गोरोबाकाकांनी मडकी घडवली, सावतोबांनी मळा पिकवला. नामदेवराय तर शिंप्याच्या कुळातले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एकात शिंप्याची हत्यारेच त्यांनी नामस्मरणाची साधने केली आहेत.

मग धंद्यात खोट शिरते कोठे? ते पाहायला मी तिच्याकडे जाऊन बसलो. ती प्रत्येक लुगडे उजेडासमोर धरते. बसण्याच्या जागी कापड आधी विरते. काठ आणि पदर टिकतात. फार विरलेला भाग ती वाकळीच्या आतल्या थरासाठी ठेवते. नाजूक कापडाला आतून अस्तर लावते, आणि गिऱ्हाइकाला तसे सांगते. ते ऐकून एखादे गिऱ्हाईक परत जाते. ते नुकसान ती सोसते. तिचे देवाशी असलेले नाते मला तिथे दिसले.

माझ्यासमोरच एक बाई म्हणाल्या, "जुन्या कापडाला एवढे पैसे?" मला शरम वाटली, कारण माझेही बोलणे त्याच जातीचे होते. कापड फुकट आले असेल. चार दिवस वाकलेली मान आणि शिणलेले डोळे फुकट आले नाहीत. माया म्हणून आपण त्याचे मोल करत नाही, आणि जुने म्हणून दाम देत नाही. दोन्हीकडून बाईचे कष्टच बुडतात. आईच्या वाकळीत मी वाढलो, पण तिचे टाके कधी मोजले नाहीत.

गाठोडे मी तिला दिले. एक लुगडे मात्र ठेवून घेतले. मन अजून तेवढे मोकळे झालेले नाही. माउली, असे वस्त्र घ्यायला जाल, तेव्हा घासाघीस करण्याआधी ते उलटे करून आतले टाके पाहा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.