भाजीतील अळी आणि माळकऱ्याचा धर्म



प्रवचन आटोपले की माळकरी मंडळी, त्यातही मायमाउल्या, एक प्रश्न हमखास विचारतात. "महाराज, फ्लॉवरच्या भाजीत शिजलेली अळी निघाली. तोवर दोन घास पोटात गेले होते. माझी माळ बाटली का हो?" प्रश्न लहान दिसतो, पण विचारणारीचे डोळे भरलेले असतात. घरी सासूबाईंनी पातेले उकिरड्यावर ओतलेले असते, सुनेला चार शब्द ऐकवलेले असतात. तेव्हा शास्त्राला धरून आणि संतांना साक्ष ठेवून याचा विचार करू.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमारांनी नारदांना आहारशुद्धीचे माहात्म्य सांगितले आहे. श्रीशंकराचार्यांनी तेथे आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेला प्रत्येक विषय, असा अर्थ लावला. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेत अन्नाचे तीन दोष सांगतात. पदार्थच मुळात वर्ज्य, तो जातिदोष. ज्याच्याकडून अन्न आले तोच दूषित, तो आश्रयदोष. आणि चांगल्या अन्नात केस, किडा, घाण पडली, तर तो निमित्तदोष. आता तुम्हीच सांगा, अळी कोणत्या दोषात बसते? भाजी मूळची शुद्धच आहे. हा निमित्तदोष. जातिदोष धुऊन जात नाही. निमित्तदोषाला मात्र शुद्धीचा मार्ग आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात केस-किडा पडलेले अन्न खाऊ नये असा निषेध आहे, आणि पाचव्या अध्यायात तसल्याच अन्नाला माती टाकून शुद्ध करण्याचा उपायही आहे. म्हणजे शास्त्र एका हाताने अडवते आणि दुसऱ्या हाताने वाट दाखवते. अन्न सहजासहजी फेकू नये, हा त्यातला भाव.

कोणी म्हणेल, "पण महाराज, जीव गेला ना?" गेला खरा. मनूनेच गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने मोजली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. ज्या घरात स्वयंपाक होतो, तेथे नकळत जीव जातातच. यासाठी घर सोडून पळ, असे शास्त्र म्हणत नाही. ते नित्याचे पंचमहायज्ञ सांगते: अध्ययन-अध्यापन, पितृतर्पण, होम, भूतबळी आणि अतिथिपूजन. माळ घालताना मांस खाणार नाही असा संकल्प आपण केला. अळी खाण्याचा संकल्प कोणी केला होता? जेथे इच्छा नाही आणि ज्ञानही नाही, तेथे व्रतभंग नाही. माउली, तुमची माळ बाटली नाही. निर्धास्त असा.

पण थांबा! नकळत घडले त्याला क्षमा. निष्काळजीपणाला ती सवलत नाही. वांग्याला बारीक भोक दिसते, तोंडाशी विष्ठेचा बुच असतो, तरी तसेच भरले वांगे करायचे आणि "नकळत झाले" म्हणायचे, हे चालायचे नाही. वांगे आधी चिरून पाहावे. फ्लॉवरचे तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत, म्हणजे दडलेल्या अळ्या सुटतात. मेथी, पोकळा पान उलटून निवडावा. मावा पानाच्या पाठीशीच बसतो. वाटाण्याची प्रत्येक शेंग उघडून पाहावी. पावसाळ्यात किडीचा जोर वाढतो. चातुर्मासात पहिला महिना शाक वर्ज्य करणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी व्रत धरले आणि त्यातच ही खबरदारीही साधली. निवडताना जिवंत अळी सापडली तर चिरडू नका. परसात झाडाच्या बुंध्याशी सोडा. तोच तुमचा भूतयज्ञ.

आता दुसरी बाजू ऐका. आम्हांला बाजारात डाग नसलेली, भोक नसलेली, चकचकीत भाजी हवी. मग शेतकरी काय करील? फवारील. तोडणीपूर्वी थांबायचे दिवसही भावाच्या घाईत कधी कधी थांबत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते पीक कापसाचे होते, पण फवारणाऱ्याचा श्वास कोणत्याही पिकात तोच. ताटातल्या एका अळीने शहारायचे आणि विषाच्या ढगात उभ्या असलेल्या माणसाची आठवणही ठेवायची नाही, ही कसली अहिंसा? ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे विवरण करताना, जीव वाचवायला पाणी गाळतात आणि गाळतानाच जीव मारतात, अशांचा भ्रम दाखवला आहे. अहिंसा गाळण्यात नाही, काळजात आहे. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच पांडुरंग पाहिला. त्या मळ्यातल्या भाजीला एक भोक असले म्हणून देव काही कमी होत नाही. तेवढा भाग काढून टाका, घ्या.

राहिला प्रश्न शिजलेल्या भाजीचा. याला छांदोग्यातलेच उषस्ती चाक्रायणाचे आख्यान पाहा. दुष्काळात उपाशी असलेल्या त्या ब्राह्मणाने माहुताचे उष्टे उडीद मागून खाल्ले. माहूत पाणी देऊ लागला, तेव्हा मात्र उष्टे म्हणून नाकारले. का? उडीद न खाता तो जगला नसता. पाणी मिळणे मात्र त्याच्या इच्छेवर होते. हेच माप आपण लावावे. घरात दुसरे कालवण आहे? मग ती भाजी बाजूला ठेवा, वरण-भाकरीवर भागवा. दुसरे काहीच नाही, लेकरे भुकेली आहेत? मग अळी आणि आसपासची भाजी काढून टाका, नामस्मरण करा आणि जेवा. देव उपाशी लेकराचा हिशेब आधी करतो.

आणि सासूबाई, एक हात जोडून सांगणे. भाजीतली अळी एक घास बिघडवते. जिभेवरची अळी सगळे घर पोखरते. शंकराचार्यांच्या अर्थाने कानांनी ऐकलेला कठोर शब्दही आहारच आहे. सुनेला तो वाढू नका. उद्या भाजी निवडायला तिच्याजवळ बसा. चार डोळ्यांना अळी लवकर दिसते, आणि निवडता निवडता नामही होते.

पुंडलीक वरदे हारि विठ्ठल!