ऐकणाऱ्याची साक्ष

मैफलीहून परत आलेल्या मनुष्यास घरातील कोणी "गाणे कसे झाले?" असे विचारले असता तो जे उत्तर देतो, त्यास आपण त्याचे मत म्हणतो. त्याच मनुष्याने एखादी नवीन ध्वनिमुद्रिका ऐकून काही शेरा मारला, तर त्यासही आपण मतच म्हणतो. दोहोंस एकच शब्द लागू पडत असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत असे समजण्याचा प्रघात पडला आहे. आणि "मत काय, ज्याचे त्याचे असते" या वाक्याच्या आश्रयाने दोन्ही सारख्याच निर्धास्तपणे खपून जातात. आमच्या समजुतीप्रमाणे त्या जातीनेच भिन्न आहेत. ध्वनिमुद्रिकेविषयी मनुष्य देतो तो अभिप्राय. मैफलीविषयी देतो ती, प्रथमतः तरी, साक्ष होय. आणि साक्ष देणारावर जी जबाबदारी येते ती अभिप्राय देणारावर तितक्या प्रमाणात येत नाही.

हा भेद कोणास केवळ शब्दच्छल वाटू नये म्हणून तो जेथे नित्य अनुभवास येतो, त्या मुंबईच्या उपनगरांतच आपण तो पाहू. चांगले गाणे ऐकावयाचे तर गिरगाव गाठावे, अशी एके काळी अंधेरी-बोरीवलीच्या रहिवाशांची स्थिती होती. आता पार्ल्यास दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे, मुलुंडास कालिदास नाट्यमंदिर आहे, बोरीवलीस प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिर आहे, अंधेरीस भारतीय विद्या भवनाचे आवार आहे. १९२३ साली स्थापन झालेला पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ आहे. आणि गणेशोत्सवाच्या मंडपापासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत होणाऱ्या लहानमोठ्या बैठकींची तर गणतीच नाही. गाणे घराजवळ आले ही आनंदाची गोष्ट होय. परंतु गाण्याबरोबर त्याविषयीचे बोलणेही वाढले. पार्ल्यास गाडीत चढलेले चार रसिक गोरेगाव येईपर्यंत गायकाचे गुणदोष मोजतात, कांदिवलीस त्यांचे एकमत होते, आणि बोरीवलीस उतरण्यापूर्वी ते एकमत खिशातील यंत्रावरून शेकडो लोकांस पोचलेले असते. त्या शेकडोंपैकी बहुतेकांनी ते गाणे ऐकलेले नसते. आणि मुख्य गोष्ट ही की, यापुढे ते ऐकणे त्यांस शक्यही नसते.

ध्वनिमुद्रिकेची गोष्ट निराळी. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हापासून आपल्या देशात गायनाविषयी एक नवीन प्रकारचा न्याय सुरू झाला. त्यापूर्वी ऐकणारा व न ऐकणारा असे दोनच पक्ष होते. तबकडीमुळे प्रत्येकास, केव्हाही, त्याच स्वराकडे पुन्हा जाता येऊ लागले. केसरबाई केरकरांची भैरवीची एक ध्वनिमुद्रिका साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या 'व्हॉयेजर' यानांवरील सोन्याच्या तबकडीत ती समाविष्ट झाली, आणि आज ती ताऱ्यांमधील अवकाशात जाऊन पोचली आहे. तेथे तिच्याविषयी कोण काय बोलेल तो भाग अलाहिदा. परंतु येथे घाटकोपरात एखाद्या गृहस्थाने तिला कंटाळवाणी म्हटले, तर शेजारच्या बिऱ्हाडातील शाळकरी मुलगी ती त्याच क्षणी लावून त्याचा निकाल फिरवू शकते. मूळ कागद दप्तरात शाबूत आहे. अपिलाचा मार्ग खुला आहे. म्हणून नव्या ध्वनिमुद्रिकेविषयी कोणी कितीही कठोर बोलला तरी आम्हांस त्याचे फारसे भय वाटत नाही. तबकडीवर फार तर तीन-साडेतीन मिनिटेच मावत असल्यामुळे ख्यालाचा विस्तार तिच्यात येत नसे, आणि आजच्या मुद्रणात नको तो स्वर पुसून हवा तो घालता येतो, हे दोन्ही ध्यानात घेतले पाहिजे हे खरे. तथापि त्यामुळे अपिलाचा हक्क बुडत नाही. सकाळी प्रसिद्ध झालेल्या संग्रहावर दुपारी निकाल देण्याची जी घाई अलीकडे दिसते तीत आम्हांस दोष दिसतो तो उतावळेपणाचा, अन्यायाचा क्वचितच.

मैफलीत गायिलेला स्वर मात्र गेला तो गेला. त्याचे जे काही उरते ते ऐकणाऱ्याच्या शब्दांत. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच प्रांतातील आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली व अल्लादियाखाँ १९४६ साली निवर्तले. ध्वनिमुद्रणाची सोय दोघांच्याही हयातीत झालेली होती. परंतु दोघांचीही ध्वनिमुद्रिका रसिकांच्या हाती नाही. मग हे थोर गायक होते असे आपण निःशंकपणे म्हणतो ते कशाच्या बळावर? अंशतः त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून हे खरे. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्यात खाँसाहेबांची शिकवण ऐकू येते. परंतु शिष्य म्हणजे गुरू नव्हे. बाकीचा सारा आधार ज्यांनी त्यांस प्रत्यक्ष ऐकले अशा लोकांच्या सांगण्याचा आहे. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या नसत्या, अथवा लिहिताना मनास येईल ते लिहिले असते, तर पुढील पिढ्यांस या दोन गायकांविषयी काय कळले असते, याचा वाचकांनीच विचार करावा. एका मनुष्याच्या सबंध आयुष्याची साधना दुसऱ्याच्या खरेपणावर कशी विसंबून असते, ते येथे दिसते.

आता साक्षीदाराची लायकी कोणती? गाण्याविषयी बोलण्यास गाण्याचे ज्ञान पाहिजे असे एक पक्ष म्हणतो, आणि तिकीट काढले की अधिकार आला असे दुसरा म्हणतो. आम्हांस दोन्ही पक्ष मान्य नाहीत. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीस शब्द हे प्रमाण मानले. परंतु कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आणि आप्त कोण हे सांगताना वात्स्यायनाने आपल्या भाष्यात कुळाची अथवा पांडित्याची अट घातली नाही. वस्तू ज्याने साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्यास इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू, असे त्याने स्पष्ट म्हटले आहे. इतक्या जुन्या काळी इतकी उदार व्याख्या झालेली पाहून आम्हांस नेहमीच नवल वाटते. मारवा व पूरिया यांतील भेद ज्यास सांगता येत नाही तोही या व्याख्येप्रमाणे उत्तम साक्षीदार होऊ शकतो. मात्र भेद सांगता येत असल्याचा आव त्याने आणू नये.

परंतु त्या दोन अटी पाहता आपल्यातील किती जण उतरतील? पहिली अट साक्षात ऐकण्याची. उपनगरातील श्रोता कचेरीतून सुटून, गाडीत उभा राहून, विलंबित ख्याल अर्धा झाल्यावर सभागृहात शिरतो. मध्यंतरात बटाटेवडा व चहा यांसाठी रांगेत उभा राहतो आणि घंटा झाल्यावरही काही काळ तेथेच असतो. भैरवीच्या आधी परतीच्या गाडीचे वेळापत्रक पाहून उठतो. यांत निंद्य असे काही नाही. पोटापाण्याच्या शहरात असेच होणार. निंद्य आहे ते यापुढचे. हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी म्हणतो, "काल बुवांचे गाणे काही जमले नाही." बुवांचे गाणे म्हणजे कोणते? त्याने ऐकले ते, की त्याच्या गैरहजेरीत झाले ते? "मी चाळीस मिनिटे ऐकली, तेवढ्यात रंग भरला नव्हता" एवढे तो म्हणता, तर त्याचे मत मुळीच सौम्य झाले नसते, आणि खरे मात्र झाले असते.

दुसरे असे की, जे बिघडले ते कोणामुळे बिघडले? या बाबतीत भरताच्या नाट्यशास्त्राइतका बारीक विचार आम्ही अन्यत्र पाहिला नाही. प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना तेथे विघ्नांचे, म्हणजे घातांचे, वर्ग पाडले आहेत. वारा, अग्नी, पाऊस, हत्ती, साप यांपासून होणारे ते दैवी. भूकंपादिकांचे ते औत्पातिक. मत्सराने, वैराने वा पक्षपाताने प्रेक्षकांतील कोणी गलका केला, ढेकळे फेकली, तर ते परकृत. आणि नटाच्या स्वतःच्या चुकीने झालेले ते आत्मकृत. यांपैकी दैवी, औत्पातिक व परकृत घात शहाण्याने टिपून ठेवू नयेत, नटाच्या व नाट्याच्या अंगचे तेवढे टिपावेत, असा दंडक आहे. हत्ती व साप आता सभागृहात येत नाहीत. परंतु पार्ल्यास व घाटकोपरास डोक्यावरून विमाने जातात. जुलैच्या पावसात पत्र्याच्या मंडपाखाली तंबोरा ऐकूच येत नाही. मध्येच कोणाचे तरी यंत्र वाजते. आणि ध्वनिवर्धक सांभाळणारा मनुष्य तबल्याचा आवाज वाढवून गायकाचा गळा बुडवितो. हे सर्व गायिकेच्या खात्यावर मांडले जाते. "आवाज लागला नाही" असे आपण म्हणतो, आणि कोणाचा लागला नाही, गळ्याचा की कर्ण्याचा, हे सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आम्हांस एवढी चौकशी कशाला? आम्हांस गाणे आवडले नाही, एवढे बोलण्याचे स्वातंत्र्य तरी आहे की नाही? अवश्य आहे. "मला आवडले नाही" या वाक्यास कोणाचाही आक्षेप असू शकत नाही. ते बोलणाराच्या मनाचे वर्णन आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० साली हाच भेद दाखविला होता: एखादी वस्तू मला रुचते असे म्हणणारा फक्त आपल्यापुरते बोलतो, ती सुंदर आहे असे म्हणणारा सर्वांची संमती गृहीत धरून बोलतो. गंमत अशी की, बोलताना आपण दुसऱ्या प्रकारचे वाक्य उच्चारतो, आणि कोणी जाब विचारला की पहिल्याचा आडोसा घेतो. "तिचा आवाज संपला" असे चारचौघांत सांगावयाचे, आणि हरकत घेतली की "अहो, हे माझे आपले मत" म्हणून हात झटकावयाचे, हे स्वातंत्र्य नव्हे.

आणि याचे परिणाम काल्पनिक नाहीत. एखादी तरुण गायिका घ्या. वर्षातून तिला दहा-बारा निमंत्रणे येतात. ती बहुधा अशाच उपनगरी मंडळांकडून येतात. आणि मंडळाचे चिटणीस निमंत्रण देण्यापूर्वी दुसऱ्या मंडळाच्या चिटणिसांस विचारतात. ज्वर असता, शब्द मोडू नये म्हणून ती गावयास बसली. गळा बसलेला होता. "आवाज गेला" हे दोन शब्द मुलुंडाहून ठाण्यास व ठाण्याहून डोंबिवलीस जाण्यास एक रात्र पुरते. पुढील वर्षी बारांची चार निमंत्रणे झाली, तर का झाली हे तिला कोणी सांगत नाही. आणि निकाल फिरविण्यास तिच्यापाशी पुरावा कोणता?

याच्या उलट बाजूचा दोष आमच्या मते अधिक सार्वत्रिक आहे, आणि सज्जन लोकांच्या हातून होतो म्हणून त्यास कोणी दोष म्हणत नाही. उपनगरात गाणारा बहुधा ओळखीचा असतो. कोणाची तरी सून, कोणाचा तरी भाचा, शेजारच्या इमारतीतील क्लासातील विद्यार्थिनी. अशा वेळी "वा! फारच छान!" याखेरीज दुसरे वाक्य तोंडातून निघतच नाही. उत्तेजन देणे चांगले; परंतु उत्तेजन त्या मुलीस द्यावयाचे असते, तिऱ्हाइतास फसवावयाचे नसते. तिला समोर "चांगली तयारी आहे, गात राहा" म्हणणे निराळे, आणि न आलेल्या मित्रास "अशी तयारी हल्ली ऐकावयास मिळत नाही" म्हणून लिहिणे निराळे. तो मित्र पुढील खेपेस पाचशे रुपये व एक संध्याकाळ खर्चून येतो, निराश होऊन जातो, आणि मग खरोखरीच असामान्य अशा गाण्याची वार्ता आपण त्यास सांगू तेव्हा घरी बसून राहतो. खोट्या स्तुतीची झळ स्तुतीस पात्र नसलेल्यास लागत नाही. पात्र असलेल्यास लागते.

मोबाईल यंत्रावर मैफलीचे तुकडे टिपले जातात, तेव्हा साक्षीची गरज आता उरली नाही, असेही कोणी सुचवील. अनुभव उलट आहे. तासाभराच्या रागातील अर्ध्या मिनिटाचा तुकडा, तोही एका फसलेल्या तानेचा, हा पुरावा नव्हे. ती साक्षीतील सोयीस्कर तेवढी ओळ होय. ती कोठून कापली हे पुन्हा कापणाऱ्यासच ठाऊक.

कठोर बोलू नये असे आमचे म्हणणे आहे, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. केशवराव भोळे यांनी 'एकलव्य' या टोपणनावाने त्या वेळच्या नामांकित गायकांची जी परीक्षणे लिहिली, ती पुढे १९३३ साली 'आजचे प्रसिद्ध गायक' या पुस्तकात आली. गायक हयात होते, वाचणाऱ्यांनी त्यांस ऐकलेले होते, आणि लिहिणारा स्वतः गाणारा होता. भिडेखातर लिहिण्यापेक्षा असे लिहिणे गायकाच्या हिताचे असते. कारण त्यास उत्तर देता येते. "जमले नाही" यास उत्तर नाही.

भरताने प्रयोगाच्या वेळी परीक्षकांच्या जोडीस लिहिणारे व मोजणारे सांगितले आहेत. आमच्या उपनगरी मंडळांस तेवढा थाट नको. परंतु हिशेबाच्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवण्यास अडचण दिसत नाही. तारीख, राग, तालाचे नाव, साथीस कोण होते, गाणे किती वेळ चालले, ध्वनिवर्धकाने काय केले, पाऊस होता की काय, आणि मग ज्यास जे वाटले ते, खाली पूर्ण नावासह. आमची एवढीच विनंती की, नावापुढे आणखी एक रकाना आखावा: लिहिणारा किती वाजता आला आणि किती वाजता गेला.