पोथी मिटून निवाडा करू नये

सज्जनहो, गेल्या चातुर्मासात आमच्या हातून एक चूक घडली, ती आधी तुमच्यापुढे मांडतो. एका गावी सप्ताहात प्रवचनाच्या भरात आम्ही मुसलमानांच्या धर्मावर घसरलो. त्यांच्या ग्रंथात असे आहे, तसे आहे, म्हणून ठोकून दिले. श्रोत्यांनी माना डोलावल्या, आम्हांलाही गोड वाटले. प्रवचन आटोपल्यावर गावचे एक म्हातारे मुसलमान शिंपी पुढे आले. सप्ताहाच्या मंडपाची कनात दरसाल तेच फुकट शिवून देतात. हात जोडून म्हणाले, "महाराज, कुराण पुरतं वाचलंय का आपण?" आम्ही एक पानही वाचले नव्हते. तसे कबूल केले. म्हातारबाबा एवढेच बोलले, "ज्ञानेश्वरीबद्दल असं कुणी बोललं तर?"

त्या रात्री डोळ्यास डोळा लागला नाही.

आता विचार करा. गीतेचे श्लोक ७००, अध्याय १८. एखाद्याने पहिला अध्याय वाचून पोथी मिटली, तर तो सांगत सुटेल की, हिंदूंचा ग्रंथ शस्त्र टाकून रडत बसायला शिकवतो! दुसरा कोणी दुसऱ्या अध्यायातला एकच श्लोक उचलील आणि म्हणेल, हा तर नुसता लढाईचा ग्रंथ. दोघांनीही ग्रंथातलेच वाचले, पण दोघेही चुकले. पहिल्या अध्यायातला शोक अर्जुनाचा आहे, तो भगवंताचा उपदेश नव्हे. आणि बाराव्यात भक्ताचे पहिले लक्षण काय, तर कोणाही भूताचा द्वेष न करणे. तिथवर जो पोचलाच नाही, त्याला गीता काय कळली? मग हाच न्याय दुसऱ्याच्या ग्रंथाला का नको?

नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आपल्याच ग्रंथातला पाठ कोणता खरा, यासाठी केवढे हे कष्ट! आणि आम्ही परक्या ग्रंथाचा निकाल ऐकीव वाक्यावर लावावा? विनोबांनी गीताई रचली, तसेच अरबी शिकून ११४ सूरांचे कुराण मुळातून अभ्यासले, आणि मग १९६२ साली त्याचे सार प्रसिद्ध केले. आधी अध्ययन, मग बोलणे.

कोणी म्हणेल, मग सगळे ग्रंथ वाचेपर्यंत तोंडच उघडायचे नाही काय? तसे नव्हे. डोळ्यांदेखत अन्याय दिसला तर तो करणाऱ्याला जाब विचारावा. पण त्याचा दोष न वाचलेल्या पोथीच्या माथी मारू नये. पुरते वाचूनही एखादी गोष्ट पटली नाही, तर तसे खुशाल सांगावे. आणि ज्याला वाचता येत नाही त्या भोळ्या वारकऱ्याला यात काहीच उणे नाही. तो नाम घेतो, निवाडा करीत नाही. न वाचणे हा दोष नव्हे हो, न वाचता निवाडा करणे हा दोष.

आणि घरचे तरी काय? गळ्यात माळ आहे, पण ज्ञानेश्वरी अठरावा अध्याय संपेतो किती जणांनी वाचली? ओव्या सुमारे ९,०००. रोज २५ वाचल्या तर वर्षात पारायण होते.

आम्ही कुराणाचे मराठी भाषांतर मिळवून वाचावयास घेतले आहे. अजून पुरे झालेले नाही, म्हणून त्यावर काही बोलत नाही. यंदा त्याच गावी सप्ताहाला जाऊ, तेव्हा प्रवचनाला बसण्याआधी, चार लोकांदेखत म्हातारबाबांची क्षमा मागू. चूक चारचौघांत केली, क्षमाही चारचौघांतच मागितली पाहिजे.

रामकृष्णहरी!