विजेत्याचे आडनाव

हंगेरियन भाषेत ‘ग्योझो’ या शब्दाचा अर्थ विजेता असा होतो. १९११ साली बुडापेस्टमधील एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या मुलाचे नाव ग्योझो ब्राउन होते. टेबल टेनिसच्या इतिहासात मात्र तो व्हिक्टर बार्ना म्हणून ओळखला जातो. पहिल्या नावाचे केवळ भाषांतर झाले, अर्थ कायम राहिला. आडनाव मात्र टाकून द्यावे लागले. विद्यापीठांतील ज्यूंच्या प्रवेशावर १९२० सालीच मर्यादा घालणाऱ्या देशात ते आडनाव घेऊन वावरणे सोपे नव्हते. विजय हवा, पण विजेत्याचे कूळ नको, अशी ही अट होती.

१९३० मध्ये आणि पुढे १९३२ ते १९३५ या सलग चार वर्षांत बार्नाने एकेरीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्या विजयांची नोंद हंगेरीच्या खात्यावर झाली. १९३५ मध्ये मोटार अपघातात त्याच्या उजव्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि एकेरीतील त्याचे साम्राज्य संपले. १९३८ मध्ये हंगेरीने पहिला मोठा ज्यूविरोधी कायदा संमत केला. १९४४ मध्ये तेथील लक्षावधी ज्यूंची मृत्युछावण्यांकडे रवानगी झाली. ज्याच्या विजयाने राष्ट्र गौरवले जाते, त्याला त्या राष्ट्रात निर्भयपणे जगण्याचाही हक्क नसेल, तर तो विजय नेमका कोणाचा?

नाव बदलणे हा स्वत्वाचा त्याग नव्हे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु नैतिक निर्णयाला पर्यायांचे स्वातंत्र्य अभिप्रेत असते. जेथे समाजच पर्याय हिरावून घेतो, तेथे दोषाचा भार व्यक्तीवर टाकणे हा अन्यायाचाच पुढचा टप्पा ठरतो. मात्र याचे उत्तर म्हणून विजय सर्वस्वी खेळाडूचाच, असे म्हणणेही अपुरे आहे. कोणतेही कौशल्य एकट्याने सिद्ध होत नाही.

या संदर्भात दुहेरीचा नियम अर्थपूर्ण वाटतो. दोन्ही जोडीदारांना चेंडू आळीपाळीनेच परतवावा लागतो. एकाचा फटका दुसऱ्याच्या फटक्याशिवाय अपुरा राहतो. बार्नाची दुहेरीची जागतिक अजिंक्यपदे आठ आहेत, एकेरीपेक्षा अधिक. त्यांपैकी बहुतेक बुडापेस्टच्याच मिक्लोश साबादोशच्या साथीने मिळाली. शेवटचे १९३९ मध्ये कैरो येथे, दुखापतीनंतर, रिचर्ड बर्गमनसमवेत मिळाले. बर्गमनही ज्यू होता आणि नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्याने व्हिएन्ना सोडले होते. बार्नाचेही घर पुढे इंग्लंडमध्येच झाले.

जन्मभूमीने नाकारलेल्या या दोघांना एकमेकांचे कूळ विचारण्याची गरज नव्हती. आपल्या फटक्यानंतर बाजूला सरून जोडीदाराला जागा द्यायची, एवढाच त्यांच्यातील करार होता. विजयावर हक्क सांगणाऱ्या राष्ट्राकडून अपेक्षा करावी ती एवढीच: विजेत्याला, आणि पराभूतालाही, त्याच्या मूळ नावासह उभे राहण्याइतकी जागा असावी.