पाठीवरचा वारा

पावसाळ्यात पुण्यात वारा पश्चिमेचा. कॅम्पातून कोथरूडला सायकलने कामावर जाणारा सकाळी त्याच्याशी झुंजतो. संध्याकाळी तोच वारा पाठीशी असतो. हिशेब फिटला, असे आपल्याला वाटते. पण १० किलोमीटर अंतर ताशी १० च्या वेगाने जायला ६० मिनिटे लागतात, ताशी २० ने परतायला ३०. म्हणजे दुप्पट वेळ आपण वाऱ्याच्या विरोधातच असतो. तेव्हा तक्रार काही खोटी नाही. खोट आहे ती परतीत. पाठीवरचा वारा कानाला ऐकूच येत नाही, आणि आपण त्याला आपल्या पायांचे बळ समजतो. घरात शिकलेली आई होती, फी भरायला आखातातला भाऊ होता, हेही वारेच. समोरून धापा टाकत येणाऱ्याला मात्र आपण बिनदिक्कत आळशी म्हणतो.