हुकूम नसतो तेव्हा

पोलीस शिपाई शिकतो तुकडीत आणि नोकरी बहुतेक वेळा एकट्यादुकट्याने करतो. महाराष्ट्रात भरती झालेली मुले-मुली सुमारे नऊ महिने प्रशिक्षण केंद्रात काढतात. खंडाळा, जालना, अकोला, नागपूर, लातूरजवळचे बाभळगाव, तासगाव तालुक्यातले तुरची, केंद्र कोणतेही असो, दिवसाची घडी साधारण सारखीच असते. पहाटे मैदान, पीटी, कवायत, शस्त्र, मग कायद्याचे तास, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि हजेरी. मैदानावरच्या शिक्षणाला तिथे बाह्यवर्ग म्हणतात, खोलीतल्या शिक्षणाला आंतरवर्ग. या दोन वर्गांच्या मध्ये एक जागा मोकळी राहते आणि शिपायाच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड क्षण नेमके तिथे येतात.

आधी मैदानाची बाजू नीट मांडायला हवी, कारण कवायतीला नावे ठेवणे फार सोपे आहे. केंद्रात येणारा मुलगा १६०० मीटर धावून, गोळाफेक करून, लेखी परीक्षा देऊन आलेला असतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्याने कित्येक पहाटे धावण्यात घालवलेल्या असतात. त्याचे शरीर तयार असते, ते लवकर शिकते. पन्नास अनोळखी मुले काही आठवड्यांत एका आवाजावर वळू लागतात, एका आवाजावर थांबतात. हे दिखाऊ नाही. दंगा काबूत आणताना समोरून दगड येत असतात, आणि हुकुमाशिवाय एकही लाठी उचलली जात नाही, हे जमावाच्याही हिताचे असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८व्या कलमात जमावाला आधी पांगण्याचा आदेश द्यायचा आणि त्याने न भागले तरच बळ वापरायचे, असा क्रम आहे. तो क्रम रस्त्यावर पाळला जातो तो कवायतीने अंगात मुरलेल्या शिस्तीमुळे.

पण दीक्षांत संचलन झाले की तुकडी फुटते. कुणी मुख्यालयात जातो, कुणी बंदोबस्ताला, कुणी पुढे एखाद्या तालुक्याच्या ठाण्यात. तिथे रात्री ११२ वर फोन येतो आणि दोघे मोटारसायकलवर निघतात. दारात रक्ताळलेली बाई उभी असते, आत दारू प्यालेला नवरा, शेजारी सगळे गप्प. इथे कवायतीतल्यासारखे ‘थम’ म्हणणारे कुणी नसते. इतर सरकारी खात्यांत हुद्दा वाढतो तसा निर्णयाचा अधिकार वाढतो, खालच्या माणसाने फाईल वर पाठवायची असते. पोलीस खात्यात मात्र सगळ्यात खालच्या माणसाचा हात नागरिकाच्या खांद्यावर थेट पडतो. ठराविक परिस्थितीत वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार त्याच संहितेचे ३५वे कलम कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला देते. त्यात शिपाईही आला. वरिष्ठांना कळते ते नंतर. तोवर जे व्हायचे ते झालेले असते.

अशा क्षणी माणूस काय करतो? तो कलम आठवत बसत नाही. त्याला जी सवय असते ती पुढे होते. मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सहायक फौजदार तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत होते. हातात फक्त लाठी होती. त्यांनी हल्लेखोर अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि गोळ्या झेलूनही सोडली नाही, म्हणून तो जिवंत पकडला गेला आणि त्याच्यावर खटला उभा राहिला. ‘नळी धरा’ असा हुकूम त्यांना कुणी दिला नव्हता. ते धाडस कोणत्याही केंद्रात शिकवून येईल असे म्हणण्याचे मला धैर्य नाही. एवढे मात्र दिसते की विचाराला वेळच नसतो तेव्हा आत साठलेले तेवढेच बाहेर येते.

मग नऊ महिन्यांत आत काय साठते, हे पाहायला हवे. पळणे साठते, सलामी साठते, रायफल खोलणे-जोडणे इतके साठते की अंधारातही बोटे चुकत नाहीत. कायदा मात्र वर्गात, पहाटेपासून थकलेल्या डोळ्यांना शिकवला जातो. १ जुलै २०२४पासून नवे कायदे आले, कलमांचे क्रमांक बदलले, आणि परीक्षेसाठी ते पाठ करावे लागतात. मजकूर चांगला आहे. तोंडी सांगितलेली दखलपात्र गुन्ह्याची माहिती लिहून घ्यायची, ती वाचून दाखवायची, प्रत विनामूल्य द्यायची, गुन्हा आपल्या हद्दीतला नसला तरी नोंदवायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात आहे. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे आणि अटकेचा पंचनामा साक्षीदारासमोर झाला पाहिजे, हे ३६व्यात. पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त जखडायचे नाही, हे ४६व्यात. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी जे निर्देश दिले, त्यांतले बरेच आता कायद्यातच आले आहेत. तरीही पोहण्याचे पुस्तक तोंडपाठ असलेला माणूस विहिरीत पडला तर बुडतोच. रात्री दोन वाजता ठाण्याच्या टेबलापाशी रडणारी, एकच गोष्ट तीनदा सांगणारी, तारीख चुकवणारी बाई उभी राहते, तेव्हा १७३वे कलम तोंडात असून चालत नाही. ते कानात असावे लागते, आणि खुर्ची पुढे सरकवणाऱ्या हातात असावे लागते.

म्हणजे ऐकून घेण्याचीही कवायत व्हायला हवी. केंद्रांत प्रात्यक्षिके होतात, पण ‘दहिने मुड’ जितक्या वेळा होते तितक्या वेळा फिर्याद घेणे होत नाही. ते तसे व्हावे. एका निदेशकाने फिर्यादी व्हावे. कधी अडखळावे, कधी चिडावे, कधी अर्धे लपवावे, कधी फक्त गोंडी बोलावे. प्रशिक्षणार्थ्याने लिहावे, वाचून दाखवावे, चुकले की पुन्हा. केंद्र सरकारने १९७१मध्ये समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली होती. त्या समितीची धुरा एका समाजशास्त्रज्ञाच्या हाती द्यावीशी वाटली, यातच पोलिसाचे निम्मे काम माणसे समजून घेण्याचे आहे, याची कबुली होती. पन्नास वर्षे उलटून गेली.

तरी एवढ्यानेही भागणार नाही, कारण प्रशिक्षणार्थी वेळापत्रकात नसलेली एक गोष्ट रोज शिकत असतो, आपल्याशी कसे वागले जाते ती. एकाची चूक झाली म्हणून सगळ्यांना मैदानाला फेऱ्या, उशीर झाला म्हणून आईवरून शिवी, आजारी आहे म्हटल्यावर ‘नाटक करतोस’, असे ज्याच्या वाट्याला येते तो त्यातून शिस्त थोडी शिकतो. जो वर आहे त्याला खालच्याचा अपमान करता येतो, हे मात्र पक्के शिकतो. ठाण्यात आल्यावर त्याच्या खाली कुणी नसते. हवालदार वर, फौजदार वर, निरीक्षक त्याहून वर. खाली असतो फक्त बाकावर बसलेला गरीब माणूस. नऊ महिने गिळलेले सगळे त्याच्यावर निघते. तो माणूस पारधी असेल तर गावाकडून आणलेला संशयही त्यात मिसळतो. पारध्यांसारख्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण तो ज्या घरांत बोलण्यातून उरला आहे, त्याच घरांतून ही मुले भरतीला येतात. केंद्राने त्यांना हे उलगडून दाखवले नाही तर दुसरे कोण दाखवणार?

कठोरपणा नको असे माझे म्हणणे नाही. घामाने भिजवणारा निदेशक शिवीशिवायही भिजवू शकतो, आणि मुले अशा निदेशकाचे नाव पुढे आयुष्यभर काढतात. प्रश्न असे निदेशक आणण्याचा आहे. प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक खात्यात फार काळ बाजूला पडल्यासारखी मानली गेली. ठाण्यात नाव कमावलेला, तपासात मुरलेला, आवाज न चढवता गर्दी शांत करणारा हवालदार स्वतःहून केंद्रात यावा, इतका मान आणि मोबदला त्या जागेला असायला हवा. एका निदेशकाच्या हाताखालून दर तुकडीत कितीतरी शिपाई जातात, आणि त्यांतला प्रत्येक जण पुढे तीसेक वर्षे लोकांच्या दारात उभा राहणार असतो.

दीक्षांत संचलनाआधी कवायतीची परीक्षा होते, गोळीबाराची होते, कायद्याची होते. त्याच यादीत आणखी एक असावी. अनोळखी माणूस, खोटे ठाणे, अर्धा तास, एक फिर्याद. ती नीट ऐकली का, लिहिली का, वाचून दाखवली का, समोरच्याला ‘अहो-जाहो’ केले का, एवढेच पाहायचे. गोळीबारात नापास होणाऱ्याला पुन्हा रेंजवर पाठवतात, तसे यात नापास होणाऱ्याला पुन्हा त्या टेबलाशी बसवायचे, आणि तो पास होईपर्यंत ठाण्यात पाठवायचे नाही.